यंत्राला हेतु देणारा गणिती : नॉर्बर्ट वीनर

खाडींतून होडी पैलतीरास नेणाऱ्या नावाड्याकडे ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्याला एक गोष्ट खचित दिसली असेल. सुकाणू एकदां धरलें म्हणजे त्याचें काम संपत नाहीं. पलीकडच्या तीरावरील एखाद्या माडावर त्याची दृष्टि खिळलेली असते. वाऱ्यानें किंवा प्रवाहानें होडीचें तोंड त्या माडापासून ढळलें कीं तो सुकाणू थोडें फिरवितो; फार फिरलें असें दिसतांच हात आंवरतो; आणि पुन्हां पाहतो. ही साधी गोष्ट हजारों वर्षें मनुष्याच्या डोळ्यांसमोर होती. प्राण्याच्या आणि यंत्राच्या वर्तनाचें एकच गणित तींत दडलेलें आहे हें ओळखून त्याचें शास्त्र बनविण्याचें श्रेय मुख्यतः ज्या पुरुषाकडे जातें, त्या नॉर्बर्ट वीनर यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

सांप्रत स्वतः शिकणाऱ्या यंत्रांची चर्चा जिकडेतिकडे ऐकूं येते. परिस्थिति पाहून आपलें वर्तन बदलणाऱ्या आणि नेमून दिलेलें ध्येय गांठूं पाहणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस एजंट हें नांव रूढ झालें आहे. आपण तिला कारभारी म्हणूं, कारण धन्याच्या वतीनें काम करणें हाच तिचा धर्म होय. असे कारभारी कसे घडवावे, आणि धन्याच्या मनांतला हेतु त्यांच्या हातीं देतांना कोणता धोका संभवतो, या दोन्ही प्रश्नांचा विचार वीनर यांनीं फार पूर्वीं केला होता.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजीं अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत कोलंबिया या गांवीं झाला. त्यांचे वडील लिओ वीनर हे बियालिस्टॉक येथें जन्मलेले ज्यू गृहस्थ. हें शहर त्या वेळीं रशियाच्या झारच्या अंमलाखालीं होतें. तरुणपणीं ते अमेरिकेंत आले आणि केवळ आपल्या बहुभाषापांडित्याच्या बळावर हार्वर्ड विश्वविद्यालयांत स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. असा स्वकष्टानें वर आलेला पिता मुलाच्या शिक्षणाविषयीं उदासीन राहणें शक्यच नव्हतें. शाळेची मंद गति त्यांना पसंत पडेना, म्हणून त्यांनीं नॉर्बर्टला घरींच शिकविण्यास आरंभ केला. धड्याची सुरुवात गोड असे. पण पहिली चूक होतांच पित्याचा आवाज चढे, आणि धडा संपेपर्यंत मुलगा रडकुंडीस येई. आठव्या वर्षीं त्याचे डोळे इतके अधू झाले कीं डॉक्टरांनीं सहा महिने वाचन अजिबात बंद करण्यास सांगितलें. पित्यानें वाचन बंद केलें, धडे मात्र चालूच ठेविले! ऐकून समजावें, मनांत मांडावें आणि मनांतच सोडवावें, असा क्रम सहा महिने चालला. मोठेपणीं लांबच लांब गणितें कागदाशिवाय मनांत वागविण्याची वीनर यांची जी हातोटी होती, तिचें मूळ या सहा महिन्यांत आहे असें मानावयास हरकत नाहीं.

अकराव्या वर्षीं हायस्कूल संपवून तो टफ्ट्स कॉलेजांत दाखल झाला, आणि १९०९ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, गणिताची पदवी घेऊन बाहेर पडला. वर्तमानपत्रांनीं या बालपंडिताची मोठी वाहवा केली. पण त्याच सुमारास लिओ वीनर यांनीं जाहीरपणें असें प्रतिपादन केलें कीं मुलाची बुद्धि सामान्यच आहे, यश सर्वस्वीं आपल्या शिक्षणपद्धतीचें आहे. हें मुलाच्या वाचण्यांत आलें तेव्हां त्याच्या मनावर जो घाव बसला तो जन्मभर भरला नाहीं. यश आलें तर तें वडिलांचें, अपयश आलें तर तें माझें, असा हिशेब त्याच्या मनानें मांडून ठेविला. १९५३ सालीं वीनर यांनीं आपल्या बालपणाची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली; तींत पित्याविषयीं प्रेम व आदर तर आहेच, पण ही सलहि आहे. मुलाच्या प्रत्येक चुकीवर तत्क्षणीं तुटून पडणाऱ्या पालकांनीं तें पुस्तक मिळवून वाचावें.

पदवीनंतरचीं वर्षें धडपडीचीं गेलीं. हार्वर्डमध्यें प्राणिशास्त्र शिकण्याचा प्रयत्न फसला. अधू दृष्टि आणि अडखळणारे हात यांना प्रयोगशाळेंतील नाजुक काम जमेना. मग एक वर्ष कॉर्नेल येथें तत्त्वज्ञान झालें. अखेर हार्वर्डलाच परत येऊन १९१३ सालीं, अठराव्या वर्षीं, त्यांनीं गणिती तर्कशास्त्रावरील प्रबंधाबद्दल डॉक्टरची पदवी मिळविली. पुढें इंग्लंडांतील केंब्रिज येथें बर्ट्रंड रसेल व हार्डी यांच्याजवळ आणि जर्मनींत गटिंगेन येथें हिल्बर्ट यांच्याजवळ त्यांना शिकावयास मिळालें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते ॲबर्डीन येथील तोफखान्याच्या चांचणीकेंद्रांत गोळ्यांच्या पल्ल्यांचीं कोष्टकें तयार करीत होते. १९१९ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली, आणि मग त्यांनीं ती संस्था मरेपर्यंत सोडली नाहीं.

पाण्यांत तरंगणारे अतिसूक्ष्म कण सारखे इकडून तिकडे अडखळत फिरतात, असें रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें होतें. त्या वेड्यावांकड्या भटकंतीस नेमकें गणिती रूप देण्याचें अवघड काम वीनर यांनीं १९२० नंतरच्या थोड्याच वर्षांत पार पाडलें. त्या रूपास गणितशास्त्रांत अद्यापि त्यांचेंच नांव आहे. या कामाचा येथें उल्लेख करण्याचें कारण एवढेंच कीं, जें अनिश्चित आहे त्याचाहि हिशेब मांडतां येतो हा विश्वास त्यांना येथें लाभला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तोच उपयोगी पडला.

१९४० सालीं जर्मन विमानें इंग्लंडवर बाँब टाकीत होतीं. विमान पाडण्यासाठीं तोफ कोठें रोंखावी? जेथें विमान आतां दिसतें तेथें रोंखून उपयोग नाहीं. गोळा वर पोहोंचावयास कित्येक सेकंद लागतात, आणि ताशीं ३०० मैल वेगानें जाणारें विमान १० सेकंदांत पाऊण मैलाहून अधिक अंतर तोडतें. म्हणून विमान पुढें कोठें असेल हें आधींच ताडावें लागतें. बरें, वैमानिक काहीं सरळ रेषेंत जात नाहीं. तो गोळे चुकविण्यासाठीं वळणें घेतो. वीनर व त्यांचे तरुण सहकारी इंजिनिअर ज्युलियन बिगेलो यांनीं या वळणांचा मागील क्षणांवरून पुढील क्षणांचा अदमास बांधणारें गणित रचलें. १९४२ सालीं तें गुप्त अहवालरूपानें निघालें. अहवालाचें वेष्टन पिवळें आणि आंतील गणित भयंकर कठीण, म्हणून इंजिनिअर मंडळींनीं त्यास थट्टेनें पिवळें संकट असें नांव दिलें होतें. त्यांचें यंत्र प्रत्यक्ष लढाईंत कधींच वापरलें गेलें नाहीं. परंतु त्या खटपटींतून जो विचार निघाला तो तोफेपेक्षां फार दूर पोहोंचला.

तो विचार असा. तोफेचा नेम धरणारें यंत्र विमानाकडे पाहतें, आपली चूक किती झाली तें मोजतें, आणि त्या चुकीच्या प्रमाणांत स्वतःस सुधारतें. विमानांतील मनुष्य आणि तोफेजवळचा मनुष्य हेहि तेंच करीत असतात. कृतीचें फळ काय झालें ही वार्ता कर्त्याकडे परत येणें व तिच्यावरून पुढची कृति ठरणें, यास इंग्रजींत फीडबॅक म्हणतात. वाफेच्या यंत्राचा वेग कमीजास्त होऊं न देणारा जेम्स वॅटचा नियामक याच तत्त्वावर चाले, आणि भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यानें १८६८ सालींच नियामकांवर निबंध लिहिला होता. मात्र वार्ता परत येणें जसें आवश्यक, तशी सुधारणा बेताची असणेंहि आवश्यक. ती अति जोराची झाली तर यंत्र एकदां या बाजूस आणि एकदां त्या बाजूस हेलकावे खाऊं लागतें. वीनर व बिगेलो यांच्या मनांत आलें, मनुष्याच्या शरीरांत असेंच कांहीं घडतें काय? त्यांनीं आपले स्नेही, मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूट यांस विचारलें. उत्तर तयारच होतें. लहान मेंदूस इजा झालेला रोगी पेला उचलावयास हात पुढें करतो तेव्हां त्याचा हात पेल्याच्या अलीकडे पलीकडे वाढत्या झोंक्यांनीं हेलकावत राहतो, आणि पेला कांहीं हातीं लागत नाहीं. वैद्यांना माहीत असलेला रोग आणि इंजिनिअरांना माहीत असलेला यंत्राचा दोष, हे दोन्ही एकच निघाले!

१९४३ सालीं या तिघांनीं मिळून वर्तन आणि हेतु यांवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तोंपर्यंत हेतु हा शब्द शास्त्राच्या घरांत निषिद्धच होता. दगडास हेतु नसतो, यंत्रास हेतु नसतो, असा दंडक होता. ध्येयापासून आपण किती दूर आहों हें मोजून जो चालतो त्याचें वर्तन सहेतुक, मग तो हाडामांसाचा असो कीं लोखंडाचा, असें या तिघांनीं सुचविलें. पांच वर्षांनीं, १९४८ सालीं, वीनर यांचा मोठा ग्रंथ निघाला. सुकाणू धरणाऱ्यास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्यांनीं आपल्या नव्या शास्त्रास सायबरनेटिक्स हें नांव दिलें, आणि ग्रंथ रोझेनब्लूट यांस अर्पण केला. पानोपानीं कठीण समीकरणें असूनहि त्या ग्रंथाचा खप पाहून प्रकाशकहि थक्क झाले.

मध्यंतरीं १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले होते. शास्त्रज्ञाच्या हातून निघालेलें ज्ञान कोणाच्या हातीं जातें हा प्रश्न वीनर यांस स्वस्थ बसूं देईना. विमानें बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनींतील संशोधकानें त्यांजकडे त्या पिवळ्या अहवालाची प्रत मागितली. क्षेपणास्त्रें नेमकीं नेऊन सोडण्याच्या कामीं तिचा उपयोग व्हावयाचा होता. वीनर यांनीं प्रत देण्याचें साफ नाकारलें, आणि जानेवारी १९४७ च्या अटलांटिक मंथली मासिकांत आपला नकार छापून जगजाहीर केला. निःशस्त्र लोकांवर मृत्यु लोटणाऱ्या कामास आपण हात लावणार नाहीं, हा त्याचा आशय होता. पुढेंहि लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या कामापासून ते दूरच राहिले. ज्या काळांत तोच पैसा सर्व विश्वविद्यालयांत वाहत होता, त्या काळीं हा निश्चय स्वस्त नव्हता. १९४९ सालीं त्यांनीं मोटार कामगारांच्या संघाचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांस आपण होऊन पत्र लिहिलें आणि आपोआप चालणाऱ्या कारखान्यांनीं मजुरांवर बेकारी कोसळेल, संघानें आधींच सावध व्हावें, अशी सूचना दिली. यंत्राचा जनकच मजुराच्या दारीं जाऊन त्याला सावध करतो, असें दृश्य विरळा.

आतां शिकणाऱ्या यंत्राकडे वळूं. आय. बी. एम. कंपनींतील आर्थर सॅम्युएल या इंजिनिअरानें संगणकास ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ शिकविला. रीत अशी. पटावरील स्थिति आपणांस किती अनुकूल आहे हें यंत्रानें गुणांनीं मोजावयाचें: आपल्या सोंगट्या किती, चालींस मोकळीक किती, अशा अनेक बाबी, आणि प्रत्येक बाबीस कमीअधिक वजन. यंत्र कांहीं चाली पुढचें पाही, आणि आतां केलेला अंदाज व पुढें दिसलेली स्थिति यांत तफावत पडली कीं तें आपलीं वजनें बदली. पुन्हां डाव, पुन्हां बदल. सॅम्युएल यांच्या १९५९ सालच्या निबंधाप्रमाणें ८ ते १० तासांच्या खेळानंतर तें यंत्र आज्ञावली लिहिणाऱ्यापेक्षां सरस खेळूं शकत होतें. नावाड्याचा हात जसा माडाकडे पाहून सुधारतो, तसें येथें खेळण्याची रीतच निकालाकडे पाहून सुधारत होती. आजचे संगणकीय कारभारी कितीहि मोठे झाले असले तरी मूळ रीत हीच: ध्येय गुणांच्या रूपानें सांगा, कृति करूं द्या, फळ मोजा, वजनें बदला.

शिष्य गुरूवर मात करतो हें पाहून लोकांस कौतुक वाटलें. वीनर यांस भीति वाटली, आणि ती त्यांनीं १९६० सालीं सायन्स या नियतकालिकांत मांडली. यंत्र फार जलद चालतें. त्याच्या कामांत वेळेवर हस्तक्षेप करणें मनुष्यास साधेलच असें नाहीं. म्हणून जो हेतु आपण यंत्रांत घालतों तो आपल्याला खरोखर हवा असलेलाच हेतु आहे, त्याची केवळ रंगीत नक्कल नव्हे, याची खात्री आधींच करून घेतली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. माकडाच्या पंजाची एक इंग्रजी गोष्ट ते दृष्टांतादाखल देत. एका म्हाताऱ्यास हिंदुस्थानांतून आलेला मंतरलेला पंजा मिळतो. तो २०० पौंड मागतो. पैसे मिळतात, पण कारखान्यांत यंत्रांत सांपडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून! मागितलें तें अक्षरशः मिळालें, मनांत होतें तें मात्र नष्ट झालें. आपल्याकडे भस्मासुराची कथा कोणास ठाऊक नाहीं? तेथेंहि वर देणाऱ्यानें वर दिला तो शब्दाला धरून, आणि मग त्यालाच पळतां भुई थोडी झाली.

सॅम्युएल यांनीं त्याच वर्षीं त्याच नियतकालिकांत वीनर यांचें खंडन केलें. यंत्रास स्वतःची इच्छा नसते, मनुष्यानें घातलें असेल तेंच तें करतें, असा त्यांचा दावा होता. दावा खरा आहे; पण आमच्या मतें त्यानें वीनर यांच्या मुद्यास धक्का लागत नाहीं. माकडाच्या पंजालाहि इच्छा नव्हती. सांगितलेलें नेमकें करणें हाच तर तेथें घात होता. वीनर यांच्या मागून अर्धशतक लोटल्यावर, २०१६ सालीं, ओपन एआय या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनीं एका संगणकीय कारभाऱ्यास होड्यांच्या शर्यतीचा खेळ शिकविला. खेळांत गुण मिळत ते वाटेंतील लक्ष्यांस धडकल्याबद्दल. कारभाऱ्यानें शर्यत संपविण्याचा विचारच सोडून दिला. एका आडबाजूच्या खाजणांत होडी गोल गोल फिरवीत, तींच तीं लक्ष्यें पुन्हां उगवलीं कीं टिपीत, इतर होड्यांवर आदळत, पेट घेत, त्यानें शर्यत पुरी करणाऱ्या माणसांहून सुमारें २० टक्के अधिक गुण मिळविले. खेळच होता म्हणून हंसतां आलें. असाच कारभारी रुग्णालयाच्या खाटा वांटूं लागला, किंवा कोणाला कर्ज द्यावयाचें तें ठरवूं लागला, तर गुण कशाला द्यावयाचे हें लिहिणाऱ्या मनुष्याच्या लेखणींत केवढें वजन येतें, याचा विचार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं करावा. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या हातीं ती लेखणी येणार आहे.

वीनर यांचा आपल्या देशाशींहि संबंध आला. गोव्यांत जन्मलेले आणि पुढें गणित व प्राचीन इतिहास या दोन्ही क्षेत्रांत नांव मिळविलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे विद्यार्थिदशेंत अमेरिकेंत असतां त्यांचा व वीनर यांचा स्नेह जडला. १९५५-५६ सालीं वीनर स्वतः कलकत्त्यास येऊन महालनोबीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें कांहीं महिने राहिले व तेथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं.

एवढ्यावरून ते निर्दोष पुरुष होते असें कोणी समजूं नये. स्वभाव लहरी, क्षणांत उल्हास, क्षणांत घोर निराशा. कोणी आपली स्तुति करतें कीं नाहीं याकडे लहान मुलासारखें लक्ष. १९५२ च्या सुमारास त्यांनीं मॅकुलक व पिट्स या मेंदूच्या कार्याचा गणिती अभ्यास करणाऱ्या जिवलग सहकाऱ्यांशीं एकाएकीं संबंध तोडला तो कायमचा, आणि त्यांतील तरुण पिट्स त्या धक्क्यांतून सांवरला नाहीं. फळाची वार्ता परत आल्यावर हात बेतानें फिरवावा हें ज्यानें जगास शिकविलें, त्याला स्वतःच्या रागाच्या बाबतींत तें नेहमींच साधलें असें नाहीं.

जानेवारी १९६४ मध्यें अध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्तें त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालें. दोनच महिन्यांनीं, १८ मार्च १९६४ रोजीं, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें असतांना त्यांचें अकस्मात् निधन झालें. वय ६९ वर्षांचें होतें. त्यांचें शेवटचें छोटें पुस्तक त्याच वर्षीं निघालें. प्राग शहरांतील एका ज्यू धर्मगुरूनें मातीचा गोलेम नांवाचा नोकर घडवून त्यास मंत्रानें चालविलें अशी जुनी दंतकथा आहे. तो गोलेम आणि ईश्वर यांचीं नांवें जोडून त्यांनीं पुस्तकाचें नांव ठेविलें होतें. शिकणारें यंत्र, आपल्यासारखें दुसरें घडविणारें यंत्र, आणि मनुष्य व यंत्र यांनीं कामाची वांटणी कशी करावी, हे त्यांतील तीन विषय. १९६५ सालीं त्या पुस्तकास अमेरिकेचें राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळालें, पण तें घ्यावयास ग्रंथकर्ता हयात नव्हता.